अक्षरामागे चार पौंड

थडग्यांच्या दगडांवर मी अक्षरं कोरतो.
अक्षरामागे चार पौंड. स्वल्पविराम फुकट,
दुःखात लोक तो कुठेही टाकतात.

ऑलिव्ह केरिज मार्चमध्ये आली,
चिखलाचे बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर.
भावासाठी दगड हवा होता. वॉलीसाठी.
वॉली म्हणजे डीबेनच्या पुलावरचा,
सकाळी सात ते साडेनऊ तिथे उभा राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला, दुधाच्या गाडीला, बदकांना,
एकदा तर शववाहिकेलाही
टोपी काढून सुप्रभात म्हणणारा.
चाळीस वर्षं. बाकी त्याने काही केलं नाही.

“नाव, दोन सालं, आणि खाली एकच शब्द,” ती म्हणाली,
“सिली.”

मी छिन्नी खाली ठेवली.
सिली म्हणजे बावळट.
शाळेत पोरं त्याला हेच म्हणायची.
त्या पोरांत मीही होतो
आणि तिला ते आठवतंय की नाही
हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

मग स्टुलावर बसून तिने त्या शब्दाची वंशावळ सांगितली,
घोडा विकताना सांगतात तशी.

मूळ पुरुष सॅल. म्हणजे वेळ, चांगली वेळ, सुगी.
आमच्या सफकमधले म्हातारे गवतकापणीच्या दिवसांना
अजून हे-सेल म्हणतात, त्यातला सेल तोच.
त्याचा मुलगा सॅलिग. ज्याची वेळ चांगली तो,
ज्याच्या डोक्यावर देवाचा हात.
देवाचा, म्हणजे निष्पाप.
निष्पाप, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात,
आणि असा माणूस मार खातो, म्हणून बिचारा.
पुढे बिचाऱ्याला मेंढरू म्हणू लागले
की मेंढरालाच बिचारं म्हणू लागले,
ते तिलाही नक्की सांगता येईना.
बिचारा तो दुबळा, दुबळा तो अकलेने कमी,
आणि अकलेने कमी म्हणजे वॉली केरिज,
खिडकीजवळचा शेवटचा बाक.

“शब्द काही कुठे घसरला नाही,” ती म्हणाली.
“तो होता तिथेच उभा होता. लोक शहाणे होत गेले.”

समुद्रापलीकडे त्याचा जर्मन चुलतभाऊ
अजून चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतो,
गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागतो, आदराने.
डच चुलतभावाचं तर त्याहून बरं चाललंय,
चांगल्या केकचा घास घेतला की लोक त्याचंच नाव काढतात.
“आमचाच तेवढा असा निघाला.”

चर्चच्या कमिटीकडे अर्ज गेला.
सहा आठवड्यांनी उत्तर आलं:
मृताचा अवमान होईल असा मजकूर
पवित्र जमिनीत चालणार नाही.
दुसरा अर्ज तिने स्वतः लिहिला,
हजार वर्षांपूर्वीच्या स्पेलिंगने.
आठवड्यात मंजूर. वर शेरा: सुंदर आणि समर्पक.
खापरपणजोबाला दार उघडून खुर्ची दिली,
पणतवंड फाटकाबाहेर.

मोजली तर दोन्हीकडे पाचच अक्षरं. वीस पौंड.
पण जुन्यातलं दुसरं अक्षर जोडलेलं,
ए आणि ई पाठीला पाठ लावून बसलेले,
मधली भिंत दोघांत एकच.
छिन्नी केसभर हलली तर दोघंही जातात.
मला त्या एका अक्षराला दोन दिवस लागले.

बिलात ते वीस पौंड मी धरले नाहीत.
तिने बिल दोनदा वाचलं, घडी घातली,
का ते विचारलं नाही.
म्हणजे तिला आठवत होतं.

दगड बसवायला गेलो त्या सकाळी
पुलावर गाडी थांबवली.
सात वाजून गेलेले. कुणीच नव्हतं.
खाली उतरलो, टोपी काढली,
बदकांना सुप्रभात म्हणालो,
जरा मोठ्यानेच.
मागे अडकलेल्या ट्रॅक्टरवाल्याने
काच खाली करून एक शब्द हाणला.
सवयीने मोजला.
पाच अक्षरं.